शिंपल्यातले पाणी आणि पावाचा चुरा

अर्ध्या शिंपल्यात त्याचेच मांस बसवून, त्यावर लसूण, ऑरेगानो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पावाचा चुरा पसरून, प्रखर आचेच्या ओव्हनमध्ये भाजलेले क्लॅम हा अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, विशेषतः न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांतील इटालियन-अमेरिकन घरांत रुजलेला पदार्थ आहे. क्लॅम म्हणजे वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेऊन राहणारा, दोन शिंपल्यांचा मृदुकाय प्राणी. कोकणातल्या खाड्यांत मिळणाऱ्या तिसऱ्या याच व्हेनेरिडी कुळातल्या असल्यामुळे मराठी वाचकाला त्याची फार लांबलचक ओळख करून देण्याचे कारण नाही. पाककृतीच्या पुस्तकात ही कृती दहाबारा ओळींत संपते, आणि तरीही घरी केलेल्या ताटातला चुरा बहुधा वरून करपलेला व खालून गिच्च निघतो आणि मांस चिवट लागते, कारण या पदार्थाची मागणीच मुळात परस्परविरोधी आहे: मांस ओलसर राहिले पाहिजे, त्याला लागून असलेला चुरा मात्र कोरडा होऊन कुरकुरीत झाला पाहिजे, आणि हे दोन्ही एकाच उथळ शिंपीत, त्याच आठदहा मिनिटांत साधले पाहिजे. न्यू जर्सीतील एका मराठी घरात अनेक हिवाळे हे काम करत आलेल्या प्रस्तुत लेखिकेचे मत असे बनले आहे की या पदार्थात आचेपेक्षा पाण्याचा हिशेब मोठा असतो, आणि तो हिशेब थाळी ओव्हनमध्ये सरकवण्यापूर्वीच पुरा करावा लागतो.

पदार्थाचा उगम पाहिला तर चुऱ्याला त्यात एवढे महत्त्व का, हे आपोआप उलगडते. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. १९२४ च्या कायद्याने हा ओघ जवळजवळ थांबवला. आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक कांपानिया, कालाब्रिया, पुलिया, सिसिली अशा दक्षिणेकडच्या गरीब प्रांतांतले होते, आणि त्या प्रांतांत शिळा पाव फेकून देण्याची चैन कोणाला परवडत नव्हती. शिळ्या पावाचा चुरा तेलावर परतून पास्त्यावर भुरभुरवायचा आणि महाग चीजची उणीव त्याने भरून काढायची, ही तिथली जुनी रीत आहे. सिसिलीत १९ मार्चला, म्हणजे सुतारांचा आश्रयदाता मानल्या गेलेल्या संत जोसेफच्या सणाला, पास्त्यावर असाच भाजका चुरा घालतात आणि तो त्याच्या सुतारकामातला लाकडाचा भुसा मानतात. नेपल्सच्या परिसरात लहान मासळीवर लसूण, ऑरेगानो आणि चुरा घालून ती भाजतात, पुलियात काळ्या शिंपल्यांना, म्हणजे मसल्सना, हाच साज चढवतात. स्थलांतरितांनी पद्धत बरोबर आणली. फक्त तिच्याखाली नव्या किनाऱ्यावरचा, जाड कवचाचा आणि मुबलक मिळणारा क्लॅम आला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मांस वर्ज्य असे, त्यामुळे इटालियन-अमेरिकन घरांत मासळीचे अनेक प्रकार करण्याची जी प्रथा पडली, तिच्यात हे भाजलेले क्लॅम बहुधा असतातच.

याचाच एक श्रीमंत चुलतभाऊ ‘क्लॅम्स कसिनो’ या नावाने ओळखला जातो. त्यात लोणी, भोपळी मिरची आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाची पट्टी असते, आणि त्याचे जनकत्व ऱ्होड आयलंडमधल्या नॅरागॅन्सेट पिअर येथील कसिनोकडे जाते. तिथे काम केलेल्या ज्युलियस केलर याने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्स अँड आउट्स’ या आठवणींत ते स्वतःकडे घेतले आहे. स्वयंपाकघरातल्या अशा जनकत्वाच्या दाव्यांना मर्यादेपलीकडे गंभीरपणे घेऊ नये. या लेखाचा विषय तो पदार्थ नाही, कारण डुकराच्या चरबीची चव एवढी प्रबळ असते की खाली क्लॅम आहे की बटाटा आहे, याने फारसा फरक पडत नाही.

भाजण्यासाठी वापरला जाणारा क्लॅम म्हणजे हार्ड क्लॅम, शास्त्रीय नावाने मर्सेनेरिया मर्सेनेरिया. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून फ्लोरिडापर्यंत तो आढळतो, आणि एकाच जातीचे शिंपले आकारानुसार वेगवेगळ्या नावांनी विकले जातात: साधारण दोन इंच रुंदीचे ते लिटलनेक, अडीच ते तीन इंचांचे ते चेरीस्टोन आणि त्याहून मोठे ते चाउडर, म्हणजे तुकडे करून सुपात घालण्याजोगे. आकार वाढतो तसे मांस जून आणि चिवट होत जाते, त्यामुळे अख्खे मांस शिंपीत ठेवून भाजायचे असेल तर लिटलनेकच घ्यावेत आणि मांस चिरून चुऱ्यात मिसळायचे असेल तर चेरीस्टोन चालतात, असा साधा विवेक आहे. लाँग आयलंडच्या दक्षिणेकडचा ग्रेट साउथ बे हा एके काळी या क्लॅमचे माहेरघर होता; १९७० च्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हार्ड क्लॅमपैकी निम्म्याहून अधिक एकट्या त्या खाडीतून येत असत. बेसुमार उपशाने साठा खालावत चालला असतानाच १९८५ मध्ये तिथे अतिसूक्ष्म शैवालाची अशी वाढ झाली की पाणी तपकिरी झाले आणि त्या पाण्यात क्लॅमना खाणे अशक्य झाले. त्यानंतर ती खाडी पूर्वपदावर आली नाही. आज बाजारात येणारे पुष्कळसे लिटलनेक कृत्रिम पैदास केंद्रात वाढवलेल्या बीजापासून, उथळ समुद्रतळावर जाळ्यांखाली वाढवलेले असतात. रानटी मालाच्या चवीची आठवण काढून हळहळणारे लोक तिथे भेटतात, पण ओव्हनपुढे उभे राहणाऱ्याला या शेतीचा एक स्पष्ट लाभ आहे: माल एकसारख्या आकाराचा मिळतो, आणि सर्व शिंपले एकाच वेळी शिजून तयार होतात.

खरेदीच्या वेळी क्लॅम जिवंत असणे ही एकमेव अट आहे आणि तिला अपवाद नाही. शिंपला घट्ट मिटलेला असावा, किंचित उघडा असेल तर टिचकी मारताच मिटावा, आणि मिटत नसेल तर तो टाकून द्यावा. तडा गेलेला शिंपलाही टाकावा. अमेरिकेत शिंपल्यांच्या प्रत्येक पोत्याला तो कोणत्या पाण्यातून, कोणत्या तारखेला काढला हे सांगणारी चिठ्ठी लावावी लागते आणि विक्रेत्याला ती ९० दिवस जपून ठेवावी लागते. या शिस्तीमागे १९२४-२५ च्या हिवाळ्यातली विषमज्वराची साथ आहे. शिकागो, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे दूषित पाण्यातल्या कालवांमुळे ती पसरली, आणि १९२५ मध्ये त्यातूनच शिंपल्यांच्या आरोग्यविषयक देखरेखीची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. मासळीवाल्याकडे ती चिठ्ठी पाहायला मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. भाजण्याने जिवाणू मरतात. परंतु विशिष्ट शैवालांमुळे शिंपल्यांत साठणारे सॅक्सिटॉक्सिनसारखे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, म्हणून शिंपला कुठल्या पाण्यातला आहे हा प्रश्न स्वयंपाकाच्या आधीचा आहे, नंतरचा नाही. घरी आणल्यावर क्लॅम उघड्या भांड्यात, ओल्या फडक्याखाली फ्रीजमध्ये ठेवावेत. हवाबंद पिशवीत ते गुदमरतात, आणि नळाच्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवले तर मरतात. वाळू ओकवायची असेल तर लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतका खारेपणा, असे पाणी करून त्यात तास दोन तास ठेवावे. हार्ड क्लॅममध्ये वाळू तिसऱ्यांच्या मानाने कमी असते, पण भांड्याच्या तळाशी जाळी ठेवलेली बरी, म्हणजे ओकलेली वाळू पुन्हा आत ओढली जात नाही.

शिंपला उघडणे हा या कामाचा सर्वांत अवघड आणि, सवय झाल्यावर, सर्वांत रमवणारा भाग आहे. दोन्ही शिंप्या मागच्या बाजूला एका लवचीक बंधाने, म्हणजे बिजागरीने, जोडलेल्या असतात. हा बंध स्वभावतः शिंपला उघडाच ठेवू पाहतो, आणि तो मिटून धरण्याचे काम आतले दोन स्नायू, एक पुढचा आणि एक मागचा, करत असतात. या स्नायूंचे वैशिष्ट्य असे की एकदा आवळल्यावर ते अगदी थोड्या ऊर्जेत तासन्‌तास तसेच आवळलेले राहू शकतात, त्यामुळे बळाने शिंपला दमवता येईल ही कल्पना सोडून द्यावी लागते. हाताळणीने, धुण्याने, आपटण्याने स्नायू अधिकच आवळतात. म्हणून धुऊन झाल्यावर शिंपले न हलवता थंडीत विसावू द्यावेत आणि उघडण्यापूर्वी पंधरावीस मिनिटे बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे स्नायू सैलावतात. मग घडी घातलेल्या जाड फडक्यात शिंपला असा धरायचा की बिजागरी अंगठ्याच्या मुळाशी टेकेल आणि ओठ बोटांकडे येतील. बोथट, पातळ पात्याची क्लॅमची सुरी दोन ओठांच्या फटीवर आडवी ठेवायची, आणि सुरीच्या हाताने ढकलण्याऐवजी शिंपला धरलेल्या हाताच्या चार बोटांनी पात्याची पाठ आत दाबायची. पाते आत शिरताना बोटांना बारीकशी करकर जाणवते आणि लगेच प्रतिकार नाहीसा होतो. त्यानंतर पाते वरच्या शिंपीच्या आतल्या अंगाला घासत फिरवले की दोन्ही स्नायू एकामागून एक तुटतात आणि वरची शिंपी झाकणासारखी मोकळी होते. पाते खाली कलले तर पोट फाटते आणि आतला गाळ मांसावर पसरतो. खालच्या शिंपीतूनही मांस अलगद सोडवून पुन्हा तिथेच ठेवावे, म्हणजे जेवणाऱ्याला काट्याशी झटापट करावी लागत नाही. हे सगळे एका भांड्यावर धरून करावे, कारण या वेळी गळणारे पाणी वाया घालवण्यासारखे नसते.

सुरीची भीती वाटणाऱ्यांसाठी उष्णतेचा मार्ग आहे, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. उष्णतेने स्नायूंची शिंपीवरची पकड सुटते आणि बिजागरी आपले काम करून शिंपला उघडते. अडचण एवढीच की पुस्तके सांगतात तसे सर्व शिंपले उघडेपर्यंत झाकण ठेवून वाफवले, तर आधी उघडलेले शेवटचा उघडेपर्यंत शिजत राहतात आणि पुढे ओव्हनमध्ये पुन्हा शिजतात. म्हणून पसरट कढईत शिंपले एका थरात मांडून, पाणी न घालता, झाकण ठेवून मोठ्या आचेवर ठेवावेत आणि ज्याचे ओठ जरा विलग होतील तो तत्क्षणी चिमट्याने उचलावा. उरलेले काम सुरीने सहज होते. अखेरपर्यंत मिटून राहिलेला शिंपला टाकून द्यावा. दोन्ही मार्ग वर्षानुवर्षे वापरल्यावर या लेखिकेचा कौल कच्चे उघडण्याच्या बाजूने आहे, कारण त्यात मांस एकदाच शिजते. पण वीस माणसांचे जेवण असेल तर कढईचा मार्ग शहाणपणाचा.

आता त्या पाण्याविषयी. समुद्रात राहणारे दोन शिंपल्यांचे प्राणी आपल्या शरीरातल्या द्रवाचा क्षारांश बाहेरच्या पाण्याच्या तोडीस तोड ठेवतात, म्हणून शिंपल्यातले पाणी समुद्राइतकेच खारट असते आणि चुऱ्यात वेगळे मीठ घालणे म्हणजे पदार्थ बिघडवणे होय. हा तोल सांभाळण्यासाठी त्यांच्या पेशींत ग्लायसिन, ॲलानिन, ग्लुटामिक आम्ल अशी अमिनो आम्ले साठतात. शिंपल्यांच्या मांसाला असणारी गोडसर, भरीव चव बरीचशी यांची आणि सक्सिनिक आम्लाची असते. पाणी जितके खारे तितका हा साठा अधिक, हे लक्षात घेतले म्हणजे पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी मिसळल्यावरच्या तिसऱ्या फिक्या का लागतात, याचाही उलगडा होतो. तेव्हा शिंपल्यातले पाणी हा पदार्थाचा प्राण आहे यात शंका नाही. तोच पाण्याचा साठा चुऱ्याचा वैरी आहे, एवढेच. कोकणातल्या स्वयंपाकघरात तिसऱ्यांचे पाणी निवळून घेण्याची जी पद्धत आहे, म्हणजे ते स्थिर ठेवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घेण्याची, तीच इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. तळाचे शेवटचे चमचाभर पाणी वाळूसकट सोडून द्यावे. शिंप्यांमधले पाणीही या भांड्यात निथळू द्यावे, आणि मग त्यातले हवे तेवढेच मोजून परत द्यावे.

कोकणातली तिसऱ्यांची एकशिपी ठाऊक असलेल्या वाचकाच्या मनात इथे तुलना आल्यावाचून राहणार नाही. विळीवर तिसरी उघडायची, मांस एका शिंपीत राखून दुसरी शिंपी टाकून द्यायची, आणि मांस लागलेल्या शिंप्या कांदा, ओले खोबरे, मसाला व आमसूल घालून झाकणाखाली शिजवायच्या, ही तिची रीत. अर्ध्या शिंपीतले मांस हे दोन्ही पदार्थांचे समान अंग आहे. मात्र एकशिपीत शिंपल्याचे पाणी खोबऱ्यात जिरावे अशी योजना असते, झाकण वाफ अडवून धरते, आणि पदार्थ अंगाबरोबर रसदार राहतो. भाजलेल्या क्लॅममध्ये झाकण नाही, वाफ निघून जायला हवी असते, आणि वरच्या थराने पाणी पिता कामा नये. एकशिपी करून हात तयार झालेल्या माणसाला म्हणूनच एक सवय मोडावी लागते: पाणी राखण्याची.

चुरा कुरकुरीत होतो म्हणजे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय तो हमखास तसा करता येत नाही. पावातला स्टार्च पुरेसा कोरडा असला की काचेसारखा कडक आणि ठिसूळ असतो, दाताखाली आवाज करून फुटतो. त्यात थोडाही ओलावा शिरला की तो मऊ आणि रबरासारखा होतो. दुसरीकडे, पदार्थात मोकळे पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही, आणि पावाला खमंग बदामी रंग देणारी मायार प्रक्रिया, म्हणजे प्रथिने व शर्करा यांच्यातली उष्णतेने घडणारी आणि १९१२ मध्ये लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वर्णन केलेली प्रक्रिया, साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. कच्चा, ओलसर चुरा शिंपीवर ठेवला तर ओव्हनचा सारा वेळ तो सुकवण्यात जातो, आणि तो सुकेपर्यंत खालचे मांस केव्हाच शिजून गेलेले असते. पुढे तर याहून वाईट घडते. मांसातली प्रथिने जास्त तापली की आकसतात आणि आपल्यातले पाणी पिळून बाहेर टाकतात. ते पाणी वाफ होऊन वर चुऱ्यात शिरते. मांस चिवट होणे आणि चुरा गिच्च होणे या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून सांगितल्या जातात, वास्तविक त्या एकाच कारणाची दोन रूपे आहेत, आणि ‘चुरा अजून कुरकुरीत व्हावा’ म्हणून थाळी आणखी पाच मिनिटे आत ठेवणारा स्वयंपाकी दोन्ही तक्रारी आपल्या हातानेच वाढवत असतो.

उपाय असा की चुरा ओव्हनमध्ये जाण्याआधीच कुरकुरीत झालेला असावा. दोन दिवसांच्या शिळ्या पावाचा जाडसर चुरा करून तो पसरट कढईत ऑलिव्ह तेलावर, मंद आचेवर, सतत हलवत फिकट बदामी होईपर्यंत परतावा. दीड वाटी चुऱ्याला तीन ते चार चमचे तेल लागते. यात पाणी निघून जाते आणि प्रत्येक कणाभोवती तेलाचा पातळ लेप बसतो, जो नंतरच्या वाफेला काही काळ थोपवून धरतो. रंग अर्ध्यावर आला की ठेचलेला लसूण घालावा, कारण आधी घातला तर तो करपून कडू होतो. कढई उतरवल्यावर चुरगळलेला सुका ऑरेगानो, मिरपूड आणि किसलेली लिंबाची साल घालावी. बारीक चिरलेली पार्सली चुरा निवाल्यावर मिसळावी, म्हणजे तिचा ओलावा चुऱ्याला लागत नाही. डब्यातला तयार बारीक चुरा टाळावा, तो दाबून बसतो आणि वाफेला वाट देत नाही. पांको नावाचा जपानी चुरा, जो विजेच्या प्रवाहाने भाजलेल्या, कवच न धरलेल्या पावापासून करतात, तो कुरकुरीतपणात सरस आहे, पण चवीला अगदीच अबोल. मुंबईतला कडक ब्रून पाव या कामाला फार चांगला. दूध-साखर घातलेला सँडविचचा पाव मात्र मांस शिजण्याआधीच करपतो. चीजविषयी इटालियन-अमेरिकन घरांत दोन तट आहेत. मासळीवर चीज नको हा इटलीतला सर्वसाधारण संकेत अमेरिकेत पुष्कळांनी सोडून दिला आहे, पण संकेत बाजूला ठेवूनही एक आक्षेप उरतो: वितळलेले चीज चुऱ्याचे कण एकमेकांना चिकटवते, आणि मग सुट्या कणांच्या जागी एक कडक पापुद्रा मिळतो.

या तयार चुऱ्याचे दोन भाग करणे ही या कामातली खरी युक्ती आहे. मांसाला टेकणारा थर काहीही केले तरी ओला होणारच; मग तो आपणच, ठरवून, ओला करावा. एक तृतीयांश चुऱ्यात निवळलेले पाणी दोन चमचे आणि थोडे तेल घालून तो जेमतेम एकत्र येईल इतका भिजवावा, आणि प्रत्येक मांसावर त्याचा पातळ थर द्यावा. तो शिंपल्याची चव धरून ठेवतो आणि मांसातून येणारी वाफ बऱ्याच अंशी स्वतःत मुरवतो. उरलेला कोरडा चुरा त्यावर सैल हाताने भुरभुरवावा आणि अजिबात दाबू नये. दोन्ही थर मिळून मांसापेक्षा जाड होता कामा नयेत. उपाहारगृहांत शिंपीवर जो चुऱ्याचा डोंगर येतो तो उदारपणा भासतो खरा, पण तिथे पाव स्वस्त आणि क्लॅम महाग असतो, एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे.

थाळीत जाड्या मिठाचा बोटभर थर किंवा चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद पसरून शिंप्या त्यात सपाट रोवाव्यात, म्हणजे त्या कलत नाहीत. ओव्हन २३० अंशांवर पुरता तापलेला असावा आणि थाळी वरच्या भागात ठेवावी. लिटलनेकना सात ते आठ मिनिटे पुरतात. मांसाची कड आकसून दुमडली आणि त्याचा पारदर्शीपणा गेला की ते शिजले. तापमापक असेल तर आतले तापमान ६३ अंशांवर पोचलेले पाहावे, आणि कच्चे उघडलेल्या शिंपल्यांच्या बाबतीत याबद्दल ढिलाई करू नये. शेवटी वरून आच देणारा ब्रॉयलर एखादे मिनिट लावावा आणि त्या मिनिटात दारापासून हलू नये. भारतातल्या घरगुती ओटीजीमध्ये वरचा रॉड एवढाच लावून हेच साधते. तिथे क्लॅमच्या जागी तिसऱ्याच घ्याव्यात, त्यातल्या मोठ्या निवडाव्यात. त्यांचे कवच पातळ आणि मांस लहान असल्यामुळे चुरा अर्धा चमचाच घालावा आणि वेळ चार ते पाच मिनिटांवर आणावा. वाळू मात्र अधिक काळजीने ओकवून घ्यावी, नाहीतर कुरकुर कशाची आहे याचा संशय येतो.

ताटे मांडून, माणसे बसवून, मगच थाळी ओव्हनमध्ये सरकवावी, कारण बाहेर काढल्यावर पाचसहा मिनिटांत खालची वाफ चुऱ्याला गाठतेच आणि दुसऱ्यांदा गरम केल्याने तो कुरकुरीतपणा परत येत नाही. लिंबू आधीच पिळून आणू नये. फोडी ताटात द्याव्यात, ज्याने त्याने घास घेताना पिळावे. पहिल्यांदा करणाऱ्याने डझनभरच शिंपले आणावेत: उघडण्याला हात बसेपर्यंत दोन डझनांना तास लागतो, आणि तेवढ्या वेळात पहिले उघडलेले शिंपले उबेत पडून राहतात.